दशांश, क्ष आणि काटकोन : शाळा सुटल्यावर गणित परत सुरू करणाऱ्यांसाठी

ज्यांची शाळा नववी-दहावीला सुटली आणि आता १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा) भरून दहावीला बसायचंय, किंवा पोरगं सातवी-आठवीत गेलं आणि त्याचा अभ्यास घेताना आपलंच अडायला लागलं, किंवा भरतीच्या परीक्षेसाठी गणित परत पहिल्यापासून काढायचंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी स्वतः नववीनंतर शाळा सोडली होती आणि छत्तिसाव्या वर्षी दहावीला बसले, आता संध्याकाळी घरीच सहा-सात जणींचं गणित घेते. त्यामुळे मोठ्या माणसाचं नेमकं कुठे अडतं ते मला रोज दिसतं, आणि ते बहुतेक वेळा अवघड जागी नाही, अगदी साध्या जागी अडतं.

एकटीने अभ्यास करताना मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर गणित सुटलं तरी ते बरोबर आहे का चूक हे सांगणारं घरात कोणीच नव्हतं. मग मला ताळा सापडला. म्हणजे शाळेत तो शिकवलेला होताच, पण तेव्हा तो एका मार्काचा भाग वाटायचा. ताळा म्हणजे आलेलं उत्तर परत गणितात घालून बघायचं किंवा दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येतंय का बघायचं. खाली प्रत्येक गणिताबरोबर ताळा दिलाय तो वगळू नका, तुमच्या बाजूला शिक्षक बसलेला नसताना ते काम ताळाच करतो.

सामान फार लागत नाही. चौकड्यांची एक वही घ्या, साधी रेघांची नको, का ते पुढे कळेल. पेन्सिल, खोडरबर आणि मुलांची जुनी कंपासपेटी. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात. दहावीचं पुस्तक आधी उघडू नका, सहावीचं घ्या. लाज वाटायचं काही कारण नाही, मी पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात केली होती आणि त्यात माझे तीन आठवडे गेले. पाढे बारापर्यंत पक्के असले की पुरतात. कॅल्क्युलेटर पहिले दोन महिने तरी लांब ठेवा.

अजून एक बारीक गोष्ट. मराठीत आपण संख्या बोलतो तेव्हा एकक आधी येतो, त्रेपन्न म्हणजे तीन आणि पन्नास, त्यामुळे ऐकून लिहिताना बऱ्याच जणी ५३ च्या जागी ३५ लिहितात आणि मग पुढचं सगळंच चुकतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, त्या वादात मला पडायचं नाही, पण तुमची अशी अदलाबदल होत असेल तर मनात ‘पन्नास तीन’ म्हणून लिहा आणि पुढे चला.

दशांश : चिन्हाखाली चिन्ह

दशांशाला घाबरू नका, तुम्ही तो रोज वापरता. सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५, पाऊण ०.७५, पाव ०.२५. आपल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे, ते हेच. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि तेव्हापासून दशांश आपल्या खिशात आला.

पण पैशामुळे एक गैरसमज होतो, की दशांश चिन्हापुढे दोनच घरं असतात. तसं नाही. किलो-ग्रॅम घ्या, ३.४७५ किलो म्हणजे ३ किलो ४७५ ग्रॅम, इथे तीन घरं आली. पहिलं घर दहाव्या भागाचं, दुसरं शंभराव्या, तिसरं हजाराव्या. म्हणून ०.४ आणि ०.३५ यात मोठं कोण असं विचारलं तर ३५ हा आकडा मोठा दिसतो म्हणून ०.३५ म्हणू नका, दोन्हीकडे घरं सारखी करा, ०.४० आणि ०.३५, आता ४० मोठे दिसतातच.

घरं नीट वाचली नाहीत तर काय होतं ते सातबाऱ्यावर बघा. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर. आता १.०५ म्हणजे १ हेक्टर ५ आर, आणि १.५ म्हणजे १.५०, १ हेक्टर ५० आर. बोलताना दोन्हीला लोक ‘एक पाच’ म्हणून मोकळे होतात आणि मधला फरक ४५ आरचा, म्हणजे एक एकरापेक्षा जास्त. मधलं शून्य बोलायचं, ‘एक दशांश चिन्ह शून्य पाच’ असं पूर्ण बोलायचं, मी सगळ्यांना ही सवय आधी लावते.

बेरीज. १२.५ + ३.७५ + ०.८ करायचंय. चौकड्यांची वही इथे कामाला येते, एका चौकटीत एक आकडा, चिन्हाखाली चिन्ह, आणि रिकाम्या जागी शून्य भरायचं.

१२.५०
+ ३.७५
+ ०.८०
= १७.०५

ज्यांचं चुकतं त्या सगळ्या आकडे उजवीकडून जुळवतात, जसं साध्या बेरजेत करतो तसं. दशांशात उजवी कड बघायची नाही, चिन्ह बघायचं. ताळा म्हणून आधीच अंदाज घ्या, साडेबारा आणि पावणेचार म्हणजे सव्वासोळा, त्यात एकाला जरा कमी, म्हणजे सतराच्या आसपास. ठीक आहे.

वजाबाकीत १० − ३.४७५ असं आलं की पहिल्याला चिन्हच नाही म्हणून हात थांबतो. १० म्हणजे १०.०००, तीन शून्यं लावा आणि नेहमीसारखं हातचे घेत करा, ६.५२५ येतं. ताळा, ६.५२५ + ३.४७५ = १०.०००. आलं.

गुणाकारात मात्र चिन्हाखाली चिन्ह लागत नाही. तूरडाळ समजा १४० रुपये किलो आणि घेतली १.२५ किलो. चिन्ह विसरा, १२५ × १४० = १७५००. आता दोन्ही संख्यांत मिळून चिन्हापुढे किती घरं होती, दोन. उत्तरात उजवीकडून दोन घरं सोडून चिन्ह द्या, १७५.००, म्हणजे १७५ रुपये. ताळा तोंडी, सव्वा किलो म्हणजे एक किलोचे १४० आणि पाव किलोचे ३५, झाले १७५. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मन निर्धास्त होतं, ते निर्धास्त होणं परीक्षेत फार उपयोगी पडतं.

०.३ × ०.२ किती? दहातल्या आठ जणी ०.६ म्हणतात. वहीत दहा बाय दहा चौकटींचा मोठा चौरस काढा, तो पूर्ण चौरस म्हणजे १. उभ्या तीन ओळींवर एका बाजूने तिरक्या रेघा मारा, आडव्या दोन ओळींवर दुसऱ्या बाजूने. दोन्ही रेघा जिथे आल्या त्या चौकटी मोजा, सहा. शंभरातल्या सहा, म्हणजे ०.०६. हे एकदा हाताने करून बघा, नुसतं वाचू नका.

भागाकार. साडेचार लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचंय, ४.५ ÷ ०.७५. ज्याने भागायचं ती संख्या आधी पूर्ण करून घ्यायची, ०.७५ ला १०० ने गुणलं की ७५, मग ४.५ ला पण १०० नेच गुणा, ४५०. दोन्हीला सारख्याच संख्येने गुणलं की भागाकार बदलत नाही. ४५० ÷ ७५ = ६ बाटल्या. ताळा, ०.७५ × ६ = ४.५०. भागल्यावर उत्तर मोठं कसं आलं असं विचारतात, कारण भागलं की कमी होतं असं डोक्यात बसलेलं असतं, पण एकापेक्षा लहान संख्येने भागलं की उत्तर वाढणारच, लहान बाटल्या जास्त लागतात.

आणि जिथे टिंब दिसतं तिथे दशांश असतोच असं नाही. क्रिकेटमध्ये ४.३ षटकं म्हणजे ४ षटकं ३ चेंडू, सहा चेंडूंचं षटक, म्हणजे खरी साडेचार षटकं झाली. ३६ धावा झाल्या असतील तर ३६ ला ४.३ ने नाही, ४.५ ने भागायचं, धावगती ८. फूट-इंचाचंही असंच, ते भूमितीत येईल.

मधला पूल : ऋण संख्या आणि कंचेभागुबेव

बीजगणितात जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या पाहिजेत, नाहीतर क्ष ला उगाच दोष दिला जातो.

ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे जवळचे पैसे, शब्दातच अर्थ आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये या दोन्हींचे नियम लिहून ठेवले ते याच शब्दांत, धन आणि ऋण. −३ − ५ म्हणजे तीन रुपयांचं कर्ज होतं, त्यात अजून पाचाचं काढलं, कर्ज आठ झालं, −८. इथे ‘उणे उणे अधिक’ लावून बऱ्याच जणी ८ लिहितात. ते वाक्य गुणाकार-भागाकाराचं आहे, (−३) × (−५) = १५. बेरीज-वजाबाकीत कर्ज आणि जमा असाच विचार करा.

कंचेभागुबेव म्हणजे कंस, चे (‘२० चे अर्धे’ मधलं चे), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाठ असतं सगळ्यांना पण एक खाच आहे. १० − ४ + ३ मध्ये ‘बे आधी व नंतर’ म्हणून ४ + ३ = ७ केलं आणि १० मधून वजा केलं तर ३ येतात, ते चूक. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या आहेत, डावीकडून जे आधी येईल ते आधी, १० − ४ = ६, अधिक ३, उत्तर ९. भागाकार-गुणाकाराचं पण तसंच.

बीजगणित : दोन्ही पारड्यात सारखंच

आताच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे जुन्या पद्धतीने क्ष लिहितेय, अक्षर कुठलंही चालतं. क्ष म्हणजे आपल्याला अजून माहीत नसलेला आकडा, बस.

शाळेत मला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच शिकवलं होतं आणि त्या एका वाक्याने माझं बरंच नुकसान केलं, कारण का बदलतं ते माहीत नसल्यामुळे गुणाकारातल्या ३ चं पण मी पलीकडे नेऊन −३ करायचे. म्हणून मी शिकवताना तराजू धरते. = हा काटा. दोन्ही पारडी समान आहेत. एका पारड्यातून जे काढाल तेच दुसऱ्यातूनही काढा, एकाला जेवढ्याने भागाल तेवढ्यानेच दुसऱ्याला भागा. पहिला महिनाभर तरी ही पायरी लिहून काढा, मग आपोआप मनात होते.

तीन सारख्या वह्या आणि २० रुपयांचा एक पेन मिळून १५५ रुपये झाले, एक वही कितीची?

३क्ष + २० = १५५
३क्ष + २० − २० = १५५ − २०
३क्ष = १३५
क्ष = १३५ ÷ ३ = ४५

ताळा, ३ × ४५ = १३५, अधिक २०, १५५. वही ४५ रुपयांची. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर आणि = च्या खाली =. एका ओळीत चार वेळा = लिहीत गेलं की खोटं लिहिलं जातं, ‘१५५ − २० = १३५ ÷ ३ = ४५’ हे वाचून बघा, १५५ − २० म्हणजे ४५ होतात का?

दोन्हीकडे क्ष असला तर क्ष वाले एकीकडे करा.

५क्ष − ७ = २क्ष + ११
३क्ष − ७ = ११ (दोन्हीकडून २क्ष काढले)
३क्ष = १८ (दोन्हीकडे ७ मिळवले)
क्ष = ६

ताळा, डावी बाजू ३० − ७ = २३, उजवी बाजू १२ + ११ = २३. ताळा करताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढायच्या, आणि मूळ गणितात किंमत घालायची, आपण मध्ये लिहिलेल्या ओळीत नाही, कारण ती ओळच चुकलेली असू शकते.

कंसाआधी उणे असलं की सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून यावर जरा थांबू. १२ − २(क्ष − ३) = ४. पहिली चूक, १२ − २ आधी करून १०(क्ष − ३) लिहिणं. ते २ कंसाला चिकटलेले आहेत, गुणाकार आहे तो, वजाबाकीच्या आधी होणार. दुसरी चूक, कंस सोडवताना १२ − २क्ष − ६ लिहिणं. −२ ने कंसातल्या दोघांनाही गुणायचं, −२ × क्ष = −२क्ष आणि −२ × −३ = +६.

१२ − २क्ष + ६ = ४
१८ − २क्ष = ४
−२क्ष = −१४
क्ष = ७

ताळा, १२ − २(७ − ३) = १२ − ८ = ४. बरोबर. आता दुसरी चूक केली असती तर क्ष = १ आला असता, तो घालून बघा, १२ − २(−२) = १२ + ४ = १६, चार नाही. म्हणजे ताळ्यानेच सांगितलं की कुठेतरी घसरलोय. असं झालं की पूर्ण गणित खोडू नका, वरून एकेक ओळीत क्ष ची किंमत घालत या. अशा एका क्ष च्या समीकरणात १ ही किंमत एका ओळीत चालत नाही आणि पुढच्या ओळीत चालते असं जिथे दिसेल, बरोबर तिथेच चूक आहे. ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती, माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी ती शोधून काढली आणि आता आम्ही सगळ्या वापरतो.

समीकरणात दशांश आला तर आधी त्याला घालवा. ०.५क्ष + १.२५ = ४ मध्ये सगळ्यांना १०० ने गुणा, ५०क्ष + १२५ = ४००. चार पूर्ण आहेत म्हणून त्यांना गुणायचं राहून जातं, ते राहू देऊ नका, पारडं वाकडं होईल. पुढे ५०क्ष = २७५, क्ष = ५.५. ताळा, २.७५ + १.२५ = ४.

शाब्दिक उदाहरणं म्हटलं की पानच उलटतात काही जणी. वाचताना तीन वेळा वाचा, पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा काय विचारलंय ते शोधायला (त्यालाच बहुतेक वेळा क्ष मानायचं), तिसऱ्यांदा प्रत्येक वाक्य क्ष च्या भाषेत लिहायला. आईचं वय मुलीच्या वयाच्या पाचपट आहे, सहा वर्षांनी ते तिप्पट होईल, तर आजची वयं काढा. मुलगी क्ष, आई ५क्ष. सहा वर्षांनी मुलगी क्ष + ६, आई ५क्ष + ६. इथे लक्ष द्या, सहा वर्षं दोघींचीही वाढतात, नुसती आईची नाही.

५क्ष + ६ = ३(क्ष + ६)
५क्ष + ६ = ३क्ष + १८
२क्ष = १२
क्ष = ६

मुलगी ६, आई ३०. ताळा गोष्टीत घाला, सहा वर्षांनी १२ आणि ३६, तिप्पट आहे. शाब्दिक गणितात ताळा समीकरणात घालायचा नाही, गोष्टीतच घालायचा, कारण समीकरण मांडतानाच चुकलो असलो तर ते समीकरण आपल्याला हो हो म्हणत राहील.

दोन अनोळखी आकडे असतील तर दोन समीकरणं लागतात, त्याला एकसामयिक समीकरणं म्हणतात, दहावीच्या भाग १ चा पहिलाच धडा. दोन वडापाव आणि तीन चहा ७० रुपये, तीन वडापाव आणि दोन चहा ८० रुपये. दोन्ही बिलं मिळवा, पाच वडापाव आणि पाच चहा १५०, म्हणजे एक वडापाव एक चहा मिळून ३०. आता दुसऱ्यातून पहिलं वजा करा, एक वडापाव चहापेक्षा १० ने महाग. तर वडापाव २०, चहा १०. ताळा दोन्ही बिलांत, ४० + ३० = ७० आणि ६० + २० = ८०. एकाच बिलात ताळा करून थांबू नका, वडापाव ३५ आणि चहा फुकट असं धरलं तरी पहिलं बिल जुळतंच.

भूमिती : आधी आकृती

दहावीला बीजगणित आणि भूमिती ४०-४० मार्कांचे दोन वेगळे पेपर, आणि भूमिती बाजूला टाकून फक्त बीजगणितावर पास व्हायचं असं ठरवणारे खूप असतात. मला ते पटत नाही, भूमितीत पाठ करण्यासारखं कमी आणि डोळ्यांना दिसण्यासारखं जास्त आहे. नियम एकच धरा, प्रश्न वाचला की आकृती काढायची, दिली असेल तरी आपल्या वहीत परत काढायची आणि दिलेली मापं तिच्यावर लिहायची.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०. कागदाचा कसलाही वेडावाकडा त्रिकोण कापा, तिन्ही कोपरे फाडा आणि टोकाला टोक लावून शेजारी ठेवा, सरळ रेष होते. हे बघितलं की पटतं, सिद्धता नंतर शिका. मग कोन क्ष, २क्ष, ३क्ष असे दिले तर ६क्ष = १८०, क्ष = ३०, कोन ३०, ६०, ९०, म्हणजे काटकोन त्रिकोण. बघा, बीजगणितच आलं.

समांतर रेषा आणि त्यांना छेदणारी तिसरी रेषा, म्हणजे छेदिका, हिथे नावांचा गोंधळ होतो. लक्षात ठेवायला सोपं असं की संगत कोन (दोन्ही रेषांपाशी एकाच जागी येणारे) आणि व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे, दोन्ही रेषांच्या मधले किंवा दोन्ही बाहेरचे) समान असतात, छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची (दोन रेषांच्या मधल्या कोनांची) बेरीज १८० असते. आता एक कोन (३क्ष + १०) आणि दुसरा (५क्ष − ३०) दिलाय. संगत असतील तर,

३क्ष + १० = ५क्ष − ३०
४० = २क्ष
क्ष = २०, दोन्ही कोन ७०

आणि तेच दोन कोन एका बाजूचे आंतरकोन असतील तर,

३क्ष + १० + ५क्ष − ३० = १८०
८क्ष = २००
क्ष = २५, कोन ८५ आणि ९५

आकडे तेच, उत्तरं वेगळी, सगळा फरक कोन कुठे आहेत त्याचा. म्हणून आकृती बघितल्याशिवाय समीकरण मांडायचं नाही. ताळा पण दोन प्रकारे, पहिल्यात दोन्ही कोन सारखे यायला हवेत, दुसऱ्यात बेरीज १८०. आणि दोन्हींपुढे कारण लिहायचं, ‘संगत कोन’ किंवा ‘आंतरकोन’, कारणाला मार्क असतात. सिद्धतेत पण तसंच, पक्ष म्हणजे काय दिलंय, साध्य म्हणजे काय दाखवायचंय, आणि मग प्रत्येक विधानापुढे कारण. कोटिकोन म्हणजे बेरीज ९० आणि पूरक कोन म्हणजे १८०, याची अदलाबदल मी स्वतः परीक्षेत केली होती म्हणून मुद्दाम सांगतेय.

क्षेत्रफळ आणि परिमिती यात कुठलं कधी? खोलीला फरशी बसवायची तर क्षेत्रफळ, प्लॉटला कुंपण घालायचं तर परिमिती. ६० फूट बाय ४५ फूट प्लॉट, क्षेत्रफळ ६० × ४५ = २७०० चौरस फूट, परिमिती २ × (६० + ४५) = २१० फूट. गुंठे काढायचे तर १ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, तर २७०० ÷ १०८९ म्हणजे साधारण २.४८ गुंठे. ताळा, अडीच गुंठे म्हणजे २७२२.५ चौरस फूट, आपला प्लॉट त्याहून थोडा कमी, बरोबर. अजून एक, १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर पण १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर नाही, १०० × १०० = १०,००० आहे, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात.

आता पायथागोरस. काटकोन त्रिकोणात काटकोन करणाऱ्या दोन बाजूंचे वर्ग मिळवले की कर्णाचा, म्हणजे काटकोनासमोरच्या बाजूचा, वर्ग येतो. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाबद्दल हेच सांगितलंय, वेदी मापात बांधायला ते लागायचं. आणि आजही गवंडी पायाची आखणी करताना एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतात आणि दोन खुणांतलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तरच कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे म्हणतात. कंपासपेटीतली गुण्या आणि गवंड्याचा गुण्या, काम एकच. ३ × ३ = ९, ४ × ४ = १६, मिळून २५, आणि ५ × ५ = २५.

१३ फुटी शिडी भिंतीला टेकवली, तिचा पाय भिंतीपासून ५ फुटांवर आहे, शिडी किती उंचीवर टेकली? आकृती काढा, काटकोन कुठे आहे खूण करा, भिंत आणि जमीन यांच्यामध्ये. काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, ती शिडी. इथे कर्ण आधीच दिलाय, म्हणून वर्ग मिळवायचे नाहीत, वजा करायचे. १६९ − २५ = १४४, उंची १२ फूट. ज्यांनी मिळवलं त्यांचं १९४ चं वर्गमूळ येतं, जवळपास १४, म्हणजे शिडीपेक्षा उंची जास्त, असं होईल का? कर्ण नेहमी सगळ्यात लांब, हा ताळा डोळ्यांनीच होतो.

१० बाय १२ च्या खोलीचा कर्ण काढून बघा. १०० + १४४ = २४४, वर्गमूळ पूर्ण येत नाही, साधारण १५.६२ फूट. आणि इथे ती क्रिकेटवाली गोष्ट परत आली, १५.६२ फूट म्हणजे १५ फूट ६ इंच नाही. ०.६२ × १२ = ७.४४, म्हणजे १५ फूट आणि साडेसात इंचाला जरासं कमी. टेपने मापून बघा, घरातली खोली खरंच काटकोनात बांधली असेल तर जुळेल.

रोज किती करायचं असं विचारतात. चाळीस मिनिटं, पाच गणितं, सगळ्यांचा ताळा. चुकलेलं गणित वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून उतरवा आणि आठ दिवसांनी न बघता परत करा.

सुरुवातीला ही पाच करून बघा. उत्तरं मी मुद्दाम देत नाहीये, तुमचा ताळा जुळला की ते उत्तर बरोबर.

६.०८ − २.५९७

०.०४ × ०.५ (चौकडीवर अंदाज घ्या आधी)

७क्ष − ३(क्ष − ४) = ३२

दोन कोन एकमेकांचे पूरक आहेत आणि मोठा कोन लहान कोनाच्या दुपटीपेक्षा ३० ने कमी आहे, दोन्ही कोन काढा.

सातबाऱ्यावर ०.०६ हेक्टर लिहिलंय, जागा आयताकृती आहे आणि रुंदी २० मीटर आहे, तर लांबी किती आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची तर किती मीटर लागेल? (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर.)